दाराबाहेरची आई

सामाजिक विचारांच्या त्रैमासिकात नवजात बालकांच्या एका डॉक्टरबाईंविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आपल्या पानांवर आत्मकथनांची चर्चा होते, कवितेची समीक्षा येते, आरक्षणाचा आणि धर्मांतराचा विचार होतो. आरोग्याचा प्रश्न मात्र आपण डॉक्टरांवर सोडून दिलेला आहे. जणू आजारपण ही ज्याच्या त्याच्या नशिबाची गोष्ट आहे आणि तीत व्यवस्थेचा हात नाही! आपली परंपरा अशी नव्हती. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मांग समाजातील विद्यार्थिनीने ‘ज्ञानोदया’त निबंध लिहिला. त्या निबंधात तिने एक साधा प्रश्न उभा केला होता. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर धड छप्परही नसते. थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील? दलित स्त्रीने लिहिलेल्या मराठी गद्याचा आरंभ जिथे होतो, तिथेच बाळंतपणाचा प्रश्न आहे. पुढे तो आपल्या हातून का सुटला, हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

मी ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस. मुंबईच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात, म्हणजे लोक ज्याला नुसते ‘सायन’ म्हणतात तेथे, त्या नवजात शिशू विभागाच्या प्रमुख होत्या. तेथील वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे शिकविले आणि पुढे त्या अधिष्ठाता झाल्या. दलित चळवळीच्या व्यासपीठावरून त्या कधी बोलल्या, असा माझा दावा नाही. पण त्यांनी आपल्या वॉर्डात जे केले त्याचा एक अर्थ असा आहे की तो वैद्यकीय नियतकालिके लावणार नाहीत. तो आपल्यालाच लावावा लागेल.

साकीनाक्याचा आणि सायनचा संबंध आधी सांगतो. खैरानी रोड, जरीमरी, काजूपाडा, मोहिली गाव, असल्फा ह्या पट्ट्यातल्या बाईचे बाळंतपण पुष्कळदा घाटकोपरच्या राजावाडीत नाही तर कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात होते. मूल दिवस भरण्याआधी जन्मले, दीड किलोचेही भरले नाही, जन्मताच रडले नाही, की हातात चिठ्ठी पडते : सायनला न्या. सायनच्या एका अंगाला धारावी आहे. बाकीच्या बाजूंनी अशा चिठ्ठ्या घेऊन माणसे येतात. मूल ‘पेटीत ठेवले’ म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्या पेटीच्या खोलीचे एक सोवळे होते. विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात जगभरच्या नवजात कक्षांचा नियम असा होता की मूल आत आणि आई बाहेर. आई बाहेरून जंतू घेऊन येते, तिचे कपडे स्वच्छ नसतात, तिला शिस्त कळत नाही. म्हणून तिने काचेतून पाहावे. मुलाला परिचारिका पाहतील, दूध बाटलीने पाजले जाईल. युरोप-अमेरिकेतील रुग्णालयांत हा नियम निदान चालू शकला, कारण तेथे तीन-चार मुलांमागे एक परिचारिका होती, उकळलेले पाणी होते, निर्जंतुक बाटल्या होत्या. तोच नियम आपल्याकडच्या महापालिका रुग्णालयात आला तेव्हा नियम तेवढा आला, सामग्री आली नाही. एका परिचारिकेच्या हाती कितीतरी मुले. एकाच हाताने एकामागून एक मुलाला पाजायचे, पुसायचे, लंगोट बदलायचा. बाटल्या धुवायला वेळ नाही. जंतू एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात आणि त्यांचे वाहन होते रुग्णालयाचा स्वतःचा हात आणि रुग्णालयाची स्वतःची बाटली. रक्तात जंतुसंसर्ग होऊन मुले दगावत. दाराबाहेर बसलेली आई मात्र अस्वच्छ ठरलेली!

येथे मी थोडा थांबतो. जंतू खरे असतात आणि विटाळ खोटा असतो, एवढा भेद मला कळतो. अस्पृश्यता आणि नवजात कक्षाचा नियम ह्या दोन गोष्टी एकच आहेत, असे मी म्हणत नाही. पण खऱ्या जंतूचे खापर कोणाच्या अंगावर फोडायचे हे ठरविताना जुनी सवय कामाला येते. आपल्या गावगाड्यात अडलेल्या घरचे मूल पुष्कळदा मांगीण सुईणीच्या हातावर जन्मत असे, आणि नाळ कापून झाली की तिच्या जाण्यानंतर घर सारवून शुद्ध केले जाई. काम तिच्या हाताचे आणि घाणही तिच्याच हाताची. ही गणिते रुग्णालयाच्या फरशीवर पुसली जात नाहीत.

डॉ. फर्नांडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले ते असे. त्यांनी बाटली बंद केली आणि आईला आत घेतले. हात कसे धुवायचे हे तिला शिकविले. मुलाला पुसणे, कपडे बदलणे, दूध काढून वाटी-चमच्याने पाजणे हे तिच्याकडे दिले. परिचारिका कमी आहेत ही तक्रार वर्षानुवर्षे होती. प्रत्येक मुलामागे एक माणूस दाराबाहेर रिकामे बसलेले आहे, हे कोणी मोजले नव्हते. मूल एकाच हातात राहिले की जंतूंची ने-आण तुटते, हा त्यातला पहिला भाग. दुसरा भाग दुधाचा. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलाचे आतडे फार नाजूक असते. पावडरच्या दुधाने त्याला सूज येऊन ते सडण्याचा धोका वाढतो, आईच्या दुधाने तो कमी होतो. पहिल्या दिवसांचा घट्ट पिवळा चीक म्हणजे तर रोगप्रतिकारक द्रव्यांचा साठाच. आपल्याकडे कित्येक घरांत तो ‘खराब’ म्हणून पिळून टाकीत आणि मुलाला मध नाही तर गुळाचे पाणी चाटवीत. ह्या अज्ञानाबद्दल आपल्या बायकांना खूप बोलणी बसली आहेत. पण मुलाला पेटीत आणि आईला व्हरांड्यात ठेवून रुग्णालयही तो चीक वायाच घालवीत होते, ह्याबद्दल कोणी कोणाला बोलल्याचे ऐकिवात नाही.

‘दूध येत नाही’ ह्या वाक्याचा खुलासा येथेच केला पाहिजे, कारण आमच्या भागातल्या निम्म्याअधिक गैरसमजांचे मूळ त्यात आहे. दूध हे हंड्यातल्या पाण्यासारखे साठलेले नसते. मूल जितके ओढते तितके ते तयार होते. ओढण्याने आईच्या मेंदूला इशारा जातो, तेथून रक्तात संप्रेरक सुटते, आणि पुढच्या वेळचे दूध बनू लागते. पहिल्या दिवसांत मूल आणि आई यांची ताटातूट झाली की इशारा जात नाही. इशारा गेला नाही की दूध आटते. मग डॉक्टर म्हणतो, तुला दूध नाही, वरचे दूध सुरू कर. वरचे दूध पोटात गेल्यावर मूल आणखी कमी ओढते आणि दूध आणखी आटते. म्हणजे दूध नसण्याची अवस्था व्यवस्थाच निर्माण करते आणि तिची नोंद आईच्या नावावर होते.

आमच्या वस्तीतल्या एका बाईचे उदाहरण देतो. नाव देण्याचे कारण नाही. एका खासगी प्रसूतिगृहात तिला तिसऱ्या दिवशी सांगण्यात आले की तुझे दूध पातळ आहे, आणि चिठ्ठीवर डब्याचे नाव लिहून मिळाले. चारशे ग्रॅमचा डबा तीन महिन्यांच्या मुलाला नीट मोजून पाजला तर जेमतेम चार दिवस पुरतो. नवरा भंगाराच्या गोदामात हमाल. तिने तो डबा दोन आठवडे पुरविला. कसा पुरविला असेल हे सांगायला नको : चार चमच्यांच्या जागी एक चमचा, बाकी पाणी. आणि पाणी कुठले? गल्लीच्या तोंडाशी पहाटे तासभर येणारे, पिंपात भरून ठेवलेले. मूल वाचले, पण वर्षाचे झाले तेव्हा सहा महिन्यांच्या मुलाएवढे दिसत होते. त्या बाईला कोणीतरी अडाणी म्हणाले. ती अडाणी नव्हती. डॉक्टरने लिहून दिलेले तिने पाळले होते, एवढाच तिचा अपराध.

हा अनुभव एका गल्लीचा नाही. १९३९ साली सिंगापुरात डॉ. सिसिली विल्यम्स ह्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी भर सभेत सांगितले होते की गरिबांच्या मुलांना डब्याच्या दुधावर घालणे ही हत्या आहे. सत्तरच्या दशकात बाटलीच्या दुधाच्या जाहिरातींविरुद्ध जगभर चळवळ उभी राहिली. १९८१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेत ह्या विक्रीला आळा घालणारी आचारसंहिता मतास आली तेव्हा बाजूने ११८ मते पडली, तीन देश तटस्थ राहिले आणि विरोधात एकच मत होते, ते अमेरिकेचे. भारताने १९९२ साली कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. दोन वर्षांखालील मुलांच्या डब्याच्या अन्नाची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत, डॉक्टरांना भेटी देता येत नाहीत. कायदा चांगला आहे. आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांनी तो वाचला आहे, हा प्रश्न मी विचारीत नाही. त्याचे उत्तर मला ठाऊक आहे.

आईला आत घेण्याचा विचार त्याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकांनाही चालू होता आणि तोही अभावातूनच. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे १९७८-७९ च्या सुमारास पेट्या कमी पडत होत्या, म्हणून डॉ. एद्गार रेय यांनी कमी वजनाची मुले आईच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. त्यालाच आज ‘कांगारू पद्धत’ म्हणतात. एस्टोनियातील टालिन येथे १९७९ साली परिचारिका मिळेनात, म्हणून डॉ. आदिक लेविन यांनी मुलांची सगळी देखभाल आयांकडे सोपविली. श्रीमंत रुग्णालयांना हा गरिबांचा नाइलाज वाटत असे. शेवटी २०२१ साली घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत ह्या पाच देशांतील रुग्णालयांत केलेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारतातले रुग्णालय दिल्लीचे सफदरजंग होते. एक किलो ते सुमारे एक किलो आठशे ग्रॅम वजनाची ३,२११ मुले. निम्म्या मुलांच्या आयांना जन्मापासूनच अतिदक्षता कक्षात त्यांच्याजवळ ठेवले आणि मूल छातीशी बांधले. उरलेल्यांना नेहमीची पद्धत. नेहमीच्या पद्धतीत अठ्ठावीस दिवसांत शंभरांतली १५.७ मुले दगावली, आई आत असलेल्या गटात १२. मृत्यू एक चतुर्थांशाने कमी. चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण दुसऱ्या गटाला ह्या उपचारापासून वंचित ठेवणे आता अन्यायाचे ठरले असते. गरिबांचा म्हणून हिणविला गेलेला नाइलाज उत्तम उपचार ठरायला चाळीस वर्षे गेली.

सायनच्या कामातला सर्वांत परिचित भाग म्हणजे मातृदुग्ध पेढी. ती १९८९ साली सुरू झाली आणि आशियातील पहिली मानली जाते. युरोपात अशा पेढ्या फार आधीपासून होत्या. पहिली १९०९ साली व्हिएन्नात निघाली. गंमत अशी की ऐंशीच्या दशकात एड्सच्या भीतीने पाश्चात्त्य देशांतील पेढ्या एकामागून एक बंद पडत होत्या, नेमकी तेव्हाच सायनची उघडली. तिचे कामकाज सांगण्याजोगे आहे. ज्या बाळंतिणीला आपल्या मुलाची गरज भागून दूध उरते, किंवा जिचे मूल अजून ओढू शकत नाही, ती स्वखुशीने दूध देते. पैसे मिळत नाहीत. तिच्या रक्ताची एड्स, कावीळ, गरमी यांसाठी तपासणी होते. दूध साडेबासष्ट अंश सेल्सिअसवर तीस मिनिटे तापवून झटकन थंड करतात. उकळीत नाहीत, कारण उकळल्याने त्यातली उपयोगी द्रव्ये मरतात. ह्या तापमानाला जंतू मरतात आणि द्रव्ये बरीचशी टिकतात. मग नमुना तपासून शून्याखाली वीस अंशांवर गोठवून ठेवतात. ज्या मुलाची आई गेली आहे, शुद्धीवर नाही, किंवा जिला दूध उतरलेले नाही, अशा मुलाला ते मिळते.

आता ह्या बाटलीकडे आपण आपल्या डोळ्यांनी पाहू. अनेक स्त्रियांचे दूध एकत्र केलेले. कोणाचे ते मुलाच्या घरच्यांना ठाऊक नाही. ज्या देशात महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, त्या देशात सहा दशकांनंतर एका महापालिका रुग्णालयात कोणाही बाईच्या अंगावरचे दूध कोणाही बाईच्या मुलाच्या पोटात जाऊ लागले! आणि ह्याची कोठे सनई वाजली नाही, मोर्चा निघाला नाही. विरोधाभास पुरता लक्षात यावा म्हणून दुसरी एक गोष्ट सांगतो. अकरा राज्यांतील ५६५ गावांची पाहणी करून घनश्याम शहा, सुखदेव थोरात आणि इतर अभ्यासकांनी २००६ साली ग्रामीण अस्पृश्यतेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तीत असे आढळले की जवळजवळ निम्म्या गावांत दलितांना सहकारी दूधसंस्थेत दूध घालू दिले जात नाही. दलिताच्या म्हशीचे दूध बाटते आणि सायनच्या पेढीत दलित बाईचे दूध जीव वाचविते. मराठीत ‘दूधभाऊ’ हा किती सुंदर शब्द आहे. सायनच्या त्या कक्षातून बाहेर पडलेले कितीतरी लोक आज एकमेकांचे दूधभाऊ-दूधबहिणी असतील आणि आपापल्या जातीचा अभिमान बाळगून निवडणुकीला उभेही राहत असतील.

ह्या गोष्टीला एक काळी बाजूही असू शकते, आणि आपण तिच्याबद्दल सावध असले पाहिजे. दुधाची विक्री सुरू झाली की दूध कोणाचे निघेल आणि पोहोचेल कोणाकडे, हे सांगायला ज्योतिषी नको. अमेरिकेत गुलाम स्त्रियांना स्वतःचे मूल उपाशी ठेवून मालकाचे मूल पाजावे लागे. आपल्या देशातही मातेच्या दुधाचा व्यापार करण्याचे प्रयत्न झाले. मे २०२४ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असा व्यापार चालणार नाही, त्याला परवाने देऊ नयेत, असे स्पष्ट बजावले. पेढी सार्वजनिक रुग्णालयात, विनामूल्य आणि स्वखुशीवर चालविणे हा म्हणूनच तिचा प्राण आहे.

डॉ. फर्नांडिस शिक्षिका होत्या, त्यामुळे हे काम एका बाईंच्या चांगुलपणावर थांबले नाही. त्यांच्यामागून डॉ. जयश्री मोंडकर यांनी तो विभाग आणि ती पेढी सांभाळली. २०१७ साली केंद्र सरकारने सार्वजनिक रुग्णालयांतील स्तन्यपान व्यवस्थापन केंद्रांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली. तरीही शिक्षणाबद्दल बोलताना दोन गोष्टी मला सोडवत नाहीत. एक म्हणजे, वॉर्डाची स्वच्छता अखेर ज्यांच्या हातावर उभी असते त्या सफाई कामगार आणि आयाबाई. महापालिकेच्या रुग्णालयांत त्या बहुसंख्येने आपल्याच समाजातून आलेल्या असतात. जंतुसंसर्ग कमी झाला की शोधनिबंधावर डॉक्टरांची नावे येतात. फरशी पुसणारीचे नाव येत नाही, तिला हातमोजे वेळेवर मिळतात की नाही हेही येत नाही. दुसरी गोष्ट अधिक वेदनेची. ज्या मुंबईत आईला वॉर्डात घेण्याचा धडा दिला गेला, त्याच मुंबईत नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉ. पायल तडवी ही आदिवासी तरुणी २२ मे २०१९ रोजी आत्महत्येने गेली आणि तीन वरिष्ठ विद्यार्थिनी-डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा गुन्हा दाखल झाला. आई आत आली. आपली मुलगी डॉक्टर होऊन त्या दारातून आत जाईल तेव्हा तिला कोण आत घेणार आहे?

आता बाहेरच्या कामाकडे वळू. रुग्णालयात वाचविलेले मूल दोन महिन्यांनी जुलाबाने परत येते, कधी परत येतही नाही, हे नवजात विभागात काम करणाऱ्याला दिसल्याशिवाय राहत नाही. १९९९ साली डॉ. फर्नांडिस यांनी ‘स्नेहा’ ही संस्था काढली आणि काम धारावीच्या वस्तीत नेले. धारावीतल्या नागरी आरोग्य केंद्रात, ज्याला लोक ‘छोटा सायन’ म्हणतात, तेथे घरात मारहाण होणाऱ्या स्त्रियांसाठी सल्ला केंद्र चालू झाले. नवजात मुलांच्या डॉक्टरने मारहाणीत का पडावे? कारण मार खाणाऱ्या बाईला दूध पाजायला उसंत मिळत नाही. प्रसूतिगृह, उपनगरी रुग्णालय आणि मोठे रुग्णालय यांच्यातील चिठ्ठीचा प्रवास सुधारण्याचाही संस्थेने महापालिकेबरोबर प्रयत्न केला. ज्या बाईने रात्री दोन वाजता तीन ठिकाणची दारे पाहिली आहेत तिला त्याचे मोल विचारा.

ह्याच संस्थेच्या एका प्रयोगाबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण तो फसला आणि फसल्याचे प्रामाणिकपणे छापले गेले. मुंबईतील ४८ वस्त्या घेतल्या. २४ वस्त्यांत स्त्रियांचे गट बसविले. गर्भारपण, बाळंतपण, नवजात मूल यांवर चर्चा, गोष्टी, गटाने ठरवायचे उपाय. उरलेल्या २४ वस्त्यांत तसे काही नाही. तीन वर्षांनी हिशेब केला. २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. नवजात मृत्यूंत अपेक्षित घट झाली नव्हती.

हीच पद्धत अन्यत्र यशस्वी झालेली होती. नेपाळच्या मकवानपूरमध्ये झाली. झारखंड-ओरिसाच्या आदिवासी भागात ‘एकजूट’ संस्थेच्या प्रयोगात, २०१० च्या अहवालानुसार, तीन वर्षांत नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाची घरगुती सेवा शिकवून तिसऱ्या वर्षापर्यंत मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरविले. तो निबंध १९९९ चा. मग मुंबईत काय झाले?

माझा तर्क असा. गडचिरोलीत आणि झारखंडात बाळंतपण घरी होत होते. तेथे घरातल्या बाईला ज्ञान मिळाले की ते त्याच रात्री उपयोगी पडे. मुंबईच्या वस्त्यांतल्या बहुतेक बाया आधीच रुग्णालयात जात होत्या. त्यांना काय करायचे ते कळत होते. करण्याची सत्ता त्यांच्या हातात नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे पाहा. देशात जवळजवळ ८९ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत वा दवाखान्यांत झाली, पण जन्मल्यापासून तासाभरात अंगावर पाजलेली मुले सुमारे ४२ टक्केच. त्या पहिल्या तासात आई घरी नसते, सासूच्या ताब्यात नसते. ती डॉक्टर-परिचारिकांच्या ताब्यात असते. मग हे अज्ञान कोणाचे? वस्तीत जाऊन बायकांना ‘जागृत’ करण्याचा आपला जो उत्साह आहे, त्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

आणि घरी आल्यावर तरी काय? साकीनाक्याच्या गल्ल्यांत शिलाईचे गाळे आहेत, नकली दागिन्यांचे, प्लॅस्टिकच्या भंगाराचे, फरसाणाचे. १८ डिसेंबर २०१७ रोजी खैरानी रोडवरच्या एका फरसाणाच्या कारखान्याला आग लागून आत झोपलेले बारा कामगार गेले. तेव्हा वर्तमानपत्रांना कळले की येथे माणसे कामाच्या जागीच झोपतात. बायका बहुतेक घरीच काम आणतात : जीन्सचे धागे कापणे, मणी ओवणे, खडे चिकटविणे. नगावर पैसे. मुलाला दर दोन-अडीच तासांनी पाजायचे, म्हणजे चोवीस तासांत दहा वेळा हातातले काम टाकायचे. जितके नग कमी तितके पैसे कमी. दूध फुकट असते, हे म्हणणाऱ्याने पाजणारीचा वेळ कधी मोजलेला नसतो.

बाबासाहेबांनी तो मोजला होता. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात कारखान्यातील स्त्रियांना बाळंतपणाचा भत्ता देण्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांची मांडणी अशी होती की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. पण सरकार उचलीत नसेल तर त्या बाईच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकालाही तो चुकविता येणार नाही. १९२९ साली तो कायदा झाला. १९६१ साली देशव्यापी कायदा आला, २०१७ साली रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि ती तरतूद पुढे सामाजिक सुरक्षा संहितेत घेण्यात आली. पण हा लाभ नोंदलेल्या कारखान्याच्या किंवा बऱ्यापैकी मोठ्या आस्थापनेच्या पटावर जिचे नाव आहे तिच्यासाठी. धागे कापणारीचा पट कुठे आहे? तिला मालकच नाही. असतो तो ‘सेठचा माणूस’, संध्याकाळी गाठोडे घेऊन जाणारा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर स्त्रीला सहा हजारांपेक्षा कमी नाही इतके साहाय्य कबूल केले. २०१७ ची योजना आली ती पहिल्या अपत्यापुरती आणि पाच हजारांची. पुढे दुसरे अपत्य मुलगी असेल तर सहा हजार. सहा महिने निव्वळ अंगावर पाजा, असे सांगणाऱ्या राज्याने त्या सहा महिन्यांची किंमत ही ठरविली.

गेल्या पावसाळ्यात आमच्या विहारात जमणाऱ्या बायकांशी मी ह्या सगळ्यावर बोललो. शिक्षक असल्यामुळे मला फळ्यावर आकडे लिहिण्याची खोड आहे. त्यांनी आकडे पाहिले, थोडा वेळ आपसात बोलल्या आणि ठरविले की गटाने आपण एका रुग्णालयात जाऊन विचारायचे. प्रश्न साधे होते. मूल पेटीत असताना आईला आत येऊ देता का? रात्री तिने कोठे झोपायचे? डब्याची चिठ्ठी कोण लिहिते आणि का लिहिते, त्याची नोंद ठेवता का? सात जणी गेल्या. पहिल्या दिवशी कोणी भेटले नाही. दुसऱ्या खेपेला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतले. आत येऊ देतो, पण जागा नाही, असे त्या म्हणाल्या, आणि ते खरेही होते. दोन पेट्यांमध्ये माणूस उभे राहील एवढेच अंतर. तेव्हा आमच्यातल्या एकीने, जिचे स्वतःचे मूल बारा वर्षांपूर्वी अशाच पेटीत होते, खुर्ची मागितली. पाठीला टेकण असलेली, हात नसलेली, म्हणजे मूल नीट घेता येते. तिसऱ्या खेपेला चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आत दिसल्या. रात्रीच्या झोपण्याच्या जागेचा अर्ज दिलेला आहे; त्यावर आवक क्रमांक पडला आहे.